शत्रू पाहिजे

दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू नसतो. ही गोष्ट इतकी वर्षं कुणाला खटकली कशी नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून पोरं घरी येतात ती दप्तर फेकून थेट मातीच्या शोधात निघतात. विटा, दगड, गोणपाट, कुणाच्या तरी बांधकामावरची वाळू (मालक जेवायला गेलेला असताना) एवढं जमलं की अंगणात किल्ला उभा राहतो. बुरूज होतात, तट होतो, चोरवाट होते. सलाइनच्या नळीतून कारंजं उडतं. हळीव आणि मोहरी पेरून चार दिवसांत रान उगवतं. मावळे जागोजाग भाले रोखून उभे राहतात, तोफेचं तोंड बाहेर काढलं जातं. सगळी जय्यत तयारी. आणि समोर कोण? तर बाबांची मोटारसायकल.

पायथ्याला माणसं असतात, नाही असं नाही. नांगर धरलेला शेतकरी, गवळण, टोपली घेतलेली कोळीण, फळवाली, झालंच तर शिट्टी तोंडात धरलेला पोलीस आणि लाल डगल्यातले बँडवाले. पण यातल्या कुणाच्याही मनात किल्ला घ्यायचा विचार दिसत नाही. बाजारात शत्रूपक्षाचा म्हणून एकच इसम मिळतो, अफझलखान. तोही महाराजांसकट एकाच साच्यातून निघालेला, पोटात वाघनखं घेऊनच. म्हणजे आपण त्याला विकत घेतो तेव्हाच त्याचं काम आटोपलेलं असतं.

आमच्या जुन्नरात तर हा प्रकार जास्तच ठळक. गावातल्या कुठल्याही गच्चीवर वाळवण घालायला गेलं तरी शिवनेरी दिसतो. त्यामुळे इथल्या पोराला प्रतापगड किंवा रायगड करण्याची सूट असते, पण शिवनेरी करायला घेतला की तो मेला. येणारा-जाणारा प्रत्येक जण मान वर करून खरा किल्ला बघतो, मान खाली करून मातीचा बघतो, आणि म्हणतो, “अंबरखाना चुकला.” शिवनेरीला सात दरवाजे. महादरवाजा, पीर दरवाजा, परवानगीचा दरवाजा, हत्ती दरवाजा, शिपाई दरवाजा, फाटक दरवाजा, कुलाबकर दरवाजा. खऱ्या डोंगरावर ते एकामागून एक ऐटीत बसलेत. अंगणातल्या तीन फुटांत बसवायला गेलं की परवानगीच्या दरवाज्यातून निघालेला मावळा थेट गंगा-जमुनेच्या टाक्यात पडतो. शिवाय मावळा दरवाज्यापेक्षा उंच. महाराज सिंहासनावर बसल्या बसल्याच बुरुजाच्या वर दिसतात, आणि किल्ल्यावरचा वाघ घोड्याच्या दीडपट असतो. हा वाघ गेल्या काही वर्षांत आमच्याकडे बिबट्या म्हणून खपतो, कारण आमच्या तालुक्यात माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे आणि वाघ मात्र कुणी पाहिलेला नाही.

अशा या शत्रुहीन मुलखात माझा भाचा भाऊबिजेला एक डबा घेऊन आला.

भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. दिवसभर तो काय करतो ते त्याच्या आईलाही, म्हणजे माझ्या ताईलाही, सांगता येत नाही. डब्यात फोमच्या खाचांमध्ये माणसं झोपवलेली होती. एकेक माणूस जेमतेम सव्वा इंचाचा. डोक्याला लोखंडी टोप, अंगात जाळीचं चिलखत, ढालीवर सिंह. चेहऱ्यावर भुवया होत्या. भुवया! आमचा कुंभार मावळ्याला दोन्ही डोळे एका रेषेत काढून देईल याचीही हमी देत नाही. भाच्याने समजावलं की ही २८ मिलिमीटरची माणसं, युरोपातल्या मध्ययुगातली, आणि यांच्यानिशी चकमकीचा खेळ खेळतात. हजारोंच्या फौजा नाहीत. दोन्हीकडे मिळून टेबलावर मावतील एवढीच माणसं. फासे टाकायचे, मोजपट्टीनं अंतर मोजायचं, पायदळ सहा इंच चालणार, घोडेस्वार दहा. या खेळाची पुस्तकं निघतात, त्यातलं डॅनियल मर्सी या लेखकाचं ‘लायन रॅम्पंट’ २०१४ सालचं, आणि भाच्याचा त्याच्यावर पोथीएवढा विश्वास.

“आणि हे सगळं लहान पोरांसाठी?” दाजींनी विचारलं. दाजी म्हणजे भाच्याचे वडील. आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर त्यांचा बटाटा असतो. भाऊबिजेला येताना ते मिठाई आणत नाहीत, एक गोणी बटाटे आणतात.

त्यावर भाच्याने वेल्सचा दाखला दिला. काळयंत्राची आणि अदृश्य माणसाची गोष्ट लिहिणारा एच. जी. वेल्स. त्यानं १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम छापून टाकले. पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातच वयाची अट दिली आहे, बारा ते दीडशे वर्षं. वेल्सच्या खेळात तोफगोळ्याला फासा नव्हता. स्प्रिंगची खेळण्यातली तोफ होती, तिच्यातून लाकडी गोळी खरोखर सुटायची आणि जो शिपाई पडला तो मेला. एवढा साहित्यिक गालिच्यावर पालथा पडून एक डोळा मिटून नेम धरतोय, हे चित्र मला फार आवडलं. त्याच्या आधी शंभरेक वर्षं प्रशियातल्या लष्करी अधिकाऱ्यांनीही नकाशावर ठोकळे मांडून असाच खेळ खेळून पाहिला होता, पण त्यात गालिचा नसल्यामुळे मजा कमी असावी.

ही वयाची अट लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

पहिला डाव भाच्याने युरोपचाच मांडला. एका बाजूला इंग्रज, दुसऱ्या बाजूला फ्रेंच. ‘लायन रॅम्पंट’चा एक नियम असा की तुकडी हलवायच्या आधी दोन फासे टाकायचे. ठरलेली बेरीज आली तर तुकडी हलते. नाही आली तर ती हलत नाहीच, शिवाय तुमची सगळी पाळीच तिथं संपते. सरदाराने कितीही ओरडावं, शिपाई ढिम्म. दाजींना हा नियम ताबडतोब पटला. त्यांच्याकडे काढणीला मजूर येतात. दुसरा नियम त्याहून गोड. लढाईच्या आधी सरदाराने फुशारकी मारायची. मी अमुक टेकडी घेईन, तुमचा सरदार मीच मारीन, वगैरे. बोलल्याप्रमाणे झालं तर मानाचे गुण वाढतात, नाही झालं तर कापले जातात. जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके निवडणुकीसाठी प्रसिद्ध असल्यामुळे फुशारकी हा प्रकार आम्हाला शिकवावा लागला नाही. गुण कापले जातात, हा भाग मात्र नवीन होता.

पण डाव रंगेना. दाजी फ्रेंच होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “आपण हरलो तर कुणाचं काय जाईल?”

“फ्रान्सचं,” भाचा म्हणाला.

“मग जाऊ दे,” म्हणून दाजी चहाला उठले.

खरी अडचण हीच होती. ढालीवरच्या सिंहाशी आमचं कसलंच देणंघेणं नव्हतं. उलट चकमकीचा खेळ खेळायला आमच्याएवढा लायक मुलूख शोधून सापडायचा नाही. पानिपत मांडायचं तर तुम्हाला क्रिकेटचं मैदान आणि कोठारभर शिपाई लागतील. आमच्याकडचा इतिहास मुळात डझनभर माणसांचा. एक अरुंद वाट, वर चार पहारेकरी, खाली शिडी घेतलेले दहा जण, वेळ रात्रीची.

हे आजचं नाही. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नरला आला आणि त्यानं पावसाळा इथं काढला. विकण्यासाठी सोबत एक घोडा होता. त्यानं लिहून ठेवलंय की हे शहर खडकाच्या बेटावर आहे, बेट माणसानं केलेलं नाही, देवानं केलंय, आणि वर जायची वाट अशी की एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, दोघांना जागा नाही. चकमकीच्या खेळाचा नकाशा याहून नेमका कोण काढून देणार? पुढे जुन्नरच्या असदखानानं त्याचा घोडाच काढून घेतला. म्हणाला, धर्म बदल, घोडा परत मिळेल आणि वर हजार मोहरा. नाही बदललास तर घोडाही गेला आणि हजारांचा दंडही. मुदत चार दिवसांची. शेवटी खुरासानच्या एका बड्या माणसानं रदबदली केली आणि निकितिनला घोडा मिळाला. या प्रवाशानं आमच्याबद्दल आणखी एक गोष्ट टिपली आहे, ती म्हणजे इथं घोड्यांना साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी खायला देतात. आईला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “मग खान घोडा परत का देईल? एवढं खाऊ घातलेलं.”

आणि १६५७. त्या वर्षीच्या ३० एप्रिलच्या रात्री महाराजांनी दोराच्या शिड्या लावून जुन्नरचा तट ओलांडला, पहारेकरी कापले, आणि तीन लाख होन, दोनशे घोडे, कापडचोपड, जडजवाहीर घेऊन ते पसार झाले. आमच्या शाळेत हा धडा शिकवताना दर वर्षी एक तरी पोरगं हात वर करतं आणि विचारतं, “गुरुजी, दोनशे घोडे शिडीवरून कसे उतरवले?” गुरुजी दर वर्षी त्याला खाली बसवतात. वेस आतून उघडली असणार, एवढं सरळ उत्तर आहे. पण शिडीचा घोडा डोळ्यांपुढे एकदा आला की जात नाही.

तेव्हा ठरलं की आपला खेळ आपल्या किल्ल्यावर. अंगणात पोरांनी केलेला शिवनेरी तयारच होता. इंग्रज-फ्रेंच डब्यात परत झोपले. शिंप्याकडून मोजपट्टी आली. मावळे भरपूर होते. आणि इथं पहिल्यांदा आम्हा सगळ्यांना जाणवलं की आपल्याकडे लढायला कुणी नाही.

मी कुंभाराकडे गेलो. म्हटलं, मोगल आहेत का? तो चाकावरून मान वर न करता म्हणाला, “मोगल कोण घेणार?” बाजाराचं शास्त्र बिनतोड होतं. साचा करायचा खर्च आहे, मग शंभर मोगल काढले आणि पडून राहिले तर पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांना सांभाळायचं कोणी? जाता जाता त्यानं बँडवाले स्वस्तात देऊ केले. आजकाल त्यांनाही उठाव नाही.

बँडवाले घेतले. ताईनं रांगोळीच्या हातानं त्यांचे लाल डगले उतरवून अंगरखे रंगवले, क्लॅरिनेटच्या बंदुका केल्या. ढोलवाल्याचं काय करावं ते कळेना, म्हणून त्याला दारूगोळ्याचं पिंप धरलेला शिपाई म्हणून उभा केला. पोलिसाला पदोन्नती देऊन जमादार केलं. शिट्टी राहिली. रात्रीच्या पहाऱ्याला ती शोभलीही. अशा रीतीनं मातीचा मोगल सिद्ध झाला. आता त्यांच्या बाजूनं फासे टाकणारा जिवंत माणूस पाहिजे होता.

इथं सगळं अडलं. आळीतल्या प्रत्येक पोराला मावळा व्हायचं होतं. एक जण म्हणाला, मी मोगल होतो पण जिंकणार मी. दुसरा म्हणाला, मी मोगल होतो पण मला पहिल्याच पाळीत मारा, मला क्लासला जायचंय. शेजारचे निवृत्त गुरुजी, ज्यांनी हयातभर दोनशे घोड्यांचा प्रश्न चुकवला, त्यांनी सुचवलं की शत्रू अदृश्य मानावा. दाजींना विचारलं तर ते म्हणाले, “मी सासुरवाडीला आलोय. मला इथं कशाला वाईट करता?” सलूनवाल्याने तर स्पष्टच सांगितलं की गिऱ्हाईक तुटेल.

आणि समजा कुणी तयार झाला असता, तरी दुसरा पेच उभाच होता. महाराजांची स्वारी फाशांवर हरली तर? ज्या गावात १९ फेब्रुवारीला अख्खं मंत्रिमंडळ डोंगर चढून पाळणा हलवायला येतं, तिथं हा धोका पत्करायचा कोणी? यावर भाच्याने पहिला घरगुती नियम केला. महाराज टेबलावर येणार नाहीत. ते रायगडावर. इथं फक्त त्यांची माणसं. हा नियम एकमताने मंजूर झाला आणि मातीचे महाराज सिंहासनासकट देवघरात गेले.

उरलेला पेच गुरुजींनीच सोडवला, बहुधा अदृश्य शत्रूची सूचना फेटाळली गेल्याच्या रागातून. ते म्हणाले, “शिवनेरीचं काय घेऊन बसलात? महाराज तिथं जन्मले तेव्हा, १६३० साली, किल्ला निजामशाहीचा. पुढं मोगलांचा झाला. महाराजांनी प्रयत्न केले, पण त्यांच्या हयातीत शिवनेरी स्वराज्यात आला नाही. आला तो १७१६ साली, शाहूमहाराजांच्या वेळी. तेव्हा तुमच्या खेळात मावळे हरले तर तो इतिहास, आणि जिंकले तर तो चमत्कार.”

गुरुजींचं हे वाक्य आळीला अजिबात आवडलं नाही. पण नंतर सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. हरण्याला पुरावा मिळाला होता.

भाच्याने मग १६७८ चा डाव निवडला. त्या वर्षी मराठ्यांनी जुन्नर लुटलं आणि शिवनेरीवर रात्री दोर टाकून तीनशे माणसं वर चढवली. किल्लेदार होता अब्दुल अझीजखान. स्वतःची काही माणसं त्याने मुलाबरोबर खाली फौजदाराच्या मदतीला धाडलेली, म्हणजे वर शिबंदी कमी. तरी म्हातारा जागा होता. (म्हातारा हे माझं. जागा होता हे इतिहासाचं.) वर आलेल्यांचा त्याने निकाल लावला, आणि जे दऱ्याखोऱ्यांत लपून राहिले त्यांना सकाळी हुडकून काढलं. जदुनाथ सरकारांच्या शिवचरित्रात पुढची गंमत आहे. या पकडलेल्या माणसांना त्याने मारलं नाही. बक्षिसं देऊन सोडून दिलं आणि सोबत महाराजांना निरोप धाडला की जोवर मी इथं किल्लेदार आहे तोवर ही जागा तुम्हाला मिळायची नाही.

“हा माणूस बरा दिसतोय,” आई म्हणाली. ती मघापासून ओट्यावर बसून वाती वळत होती. “ह्याच्याकडं दाणागोटा किती?”

मी तिला फ्रायरचं सांगितलं. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. मोगल अधिकाऱ्याच्या घरी दुखणं होतं म्हणून १६७५ च्या सुमारास तो जुन्नरला आला, तेव्हा त्याने शिवनेरीही पाहिला. तो लिहितो की वर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी बेगमी होती.

“सात वर्षं,” आई म्हणाली. “टोके नाय झाले त्यात?” आणि थोड्या वेळानं, “मी व्हते किल्लेदार. नायतरी दिवसभर दार मीच राखते.”

अशा रीतीनं अब्दुल अझीजखानाच्या जागेवर आमच्या मातोश्री रुजू झाल्या. वेल्सच्या वयोमर्यादेत त्या आरामात बसत होत्या. समोर मराठ्यांचे सरनौबत म्हणून दाजी. आता विचार करा. जावयाने सासूच्या किल्ल्याला शिडी लावायची, तीही भाऊबिजेच्या दिवशी. दाजी प्रत्येक फाशाच्या आधी, “आई, टाकू ना?” म्हणून विचारत होते. फुशारकीची वेळ आली तेव्हा त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “आपली हरकत नसेल तर सूर्योदयापूर्वी किल्ला घेईन म्हणतो.” आईनं फुशारकी मारायला नकार दिला. ती म्हणाली, “बघू.” माझ्या अनुभवात ‘बघू’ हा शब्द या घरातल्या कुठल्याही गर्जनेपेक्षा भारी पडत आलेला आहे.

भूगोल लवकरच आडवा आला. पुस्तकातले नियम सपाट टेबलासाठी. आमच्या किल्ल्याला चढ होता, आणि ओल्या मातीत मावळा ठेवला की तो निसटून खाली यायचा. भाच्याने नियम केला, घसरला तर गेला. दाजींनी त्यांच्या शेतकरी बुद्धीनं मावळ्यांच्या बुडाला ओली माती थापून त्यांना चिकटवायला सुरुवात केली. यावर वाद झाला. दाजी म्हणाले, ते घोरपडीनं चढतायत. भाचा म्हणाला, घोरपड वेगळी घ्यावी लागेल, तिचे गुण पडतात.

दाजींचा आणखी एक आग्रह होता, बिबट्याचा. आमच्या भागात रात्री दहा माणसं चोरपावलांनी निघाली आणि बिबट्या आडवा आला नाही, हे त्यांना मंजूर नव्हतं. तेव्हा दोन्ही फाशांवर एक पडला तर बिबट्या निघणार असं ठरलं. तो निघाला की सहा इंचांतल्या प्रत्येक तुकडीनं हिमतीचा फासा टाकायचा. भाचा म्हणाला, बाबा, बिबटे उसात राहायला लागले ते कुकडीचं पाणी आल्यावर, १६७८ ला इथं एवढा ऊस कुठला? दाजी म्हणाले, तेव्हा उसात नसेल, पण जुन्नरात होता ना? तो जुन्नरात कुठंही असू शकतो. वनखातंसुद्धा यापलीकडे काही सांगत नाही.

बिबट्या दुसऱ्याच पाळीला निघाला. दोन्ही बाजू पळाल्या. पोलीस-जमादार तेवढा राहिला.

डावाच्या मध्यावर दाजी भलतेच जवळ आले. साखळीच्या वाटेनं त्यांची माणसं कड्याच्या टोकाला पोचली. आईचे बँडवाले फाशांवर हलेनात, सलग पाळ्या वाया गेल्या. पोरांचा आरडाओरडा वाढला. हर हर महादेव झालं. आणि तेवढ्यात आईनं हात मागं नेला, गोणीत घातला, आणि एक चांगला मुठीएवढा बटाटा काढून किल्ल्याच्या माथ्यावरून सोडून दिला.

बटाट्यानं वाटेवरचा एकेक मावळा गोळा करत पायथा गाठला आणि तो फळवालीपाशी थांबला.

“आजी!” भाचा किंचाळला. “फासा टाकायचा असतो!”

“वरनं दगड लोटताना कोण फासा टाकतं?” आई म्हणाली.

मी वेल्सचा दाखला दिला. त्याच्या खेळात तोफेची गोळी खरोखर सुटायची, आणि पडला तो मेला. तत्त्व तेच. भाच्याकडे याला उत्तर नव्हतं, कारण वेल्स त्यानंच आणला होता. दाजींना दुःख वेगळंच. सातगाव पठाराचा निवडक माल, त्यांनी स्वतः वेचून आणलेला, आणि तोच त्यांच्या फौजेवर चालून आला. दुसरा बटाटा येताना दिसला तेव्हा ते म्हणाले, “आई, तो बियाण्याचा आहे.” उपयोग झाला नाही.

किल्ला गेला नाही. खाली हळिवाच्या रानात तीन मावळे आडवे पडलेले सापडले. नियमाप्रमाणे ते कैदी. आईनं त्यांना चिमटीत उचललं, पुसलं, ताटलीत ठेवलं, भोवती चकल्या आणि दोन करंज्या मांडल्या आणि ताटली दाजींपुढे सरकवली. सरकारांच्या पुस्तकातला निरोप तिला शब्दशः आठवत नव्हता. तिचा असा होता, “पुन्हा या. पण येताना सांगून या, म्हणजे स्वयंपाक जादा करता येतो.”

आळीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. हरलेल्या बाजूला फराळ मिळतो म्हटल्यावर मावळ्यांची संख्या आणखी वाढली. मोगलांच्या बाजूला अजूनही फक्त आईच.

भाच्याला मात्र हार लागली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं १६७३ चा डाव काढला. ही हकीगत फ्रायरनं लिहून ठेवली आहे. महाराजांच्या माणसांनी अझीजखानाला फितवलं, त्याने पैसे घेतले, किल्ला द्यायचा दिवसही ठरवला, आणि तिकडे मोगल सुभेदार बहादूरखानाला गुपचूप कळवून टाकलं. मराठे किल्ला ताब्यात घ्यायला आले तर दबा धरून बसलेली फौज त्यांच्यावर तुटून पडली. भाच्याचा हिशेब असा की शेवट माहीत असला म्हणून काय झालं, आजी म्हणजे काही अझीजखान नव्हे, नातवाला फसवणार नाही. त्यानं नियम लिहिला की डावाच्या आधी एकदा गुप्त वाटाघाटी करता येतील. आणि आजीला देवघराच्या मागं नेऊन शंभराची नोट दिली.

आजीनं नोट घेतली, पदराला बांधली, आणि मान हलवली.

डाव सुरू झाला. फाटक दरवाजा खरोखर उघडा होता. भाच्याची अख्खी फौज एका रांगेत आत शिरली. आणि तुळशीवृंदावनाच्या मागून, काल फ्रेंच म्हणून चहाला उठलेले, आज सासूबाईंच्या निरोपावरून बहादूरखान झालेले दाजी, इंग्रज आणि फ्रेंच दोघांनाही घेऊन बाहेर आले. हातात गोणी होती.

भाचा संध्याकाळी नियमांचं पुस्तक उघडून बसला होता. लाच परत मागण्याबद्दल त्यात काही नाही.